पिंजऱ्याचा दोर अन् माझं लुगडं

मंगळवार, सांज

माझं जुनं मऊ लुगडं मधुकरनं न विचारता फाडून नेलं. पोराले पन्नाशी आली, अक्कल नाही आली.

"माय, पिंजऱ्याचा दोर तपासाले नेलं," म्हणे. खाणीत माणसं उतरवतात त्या पिंजऱ्याचा लोखंडी दोर. त्यावरून चिंधी फिरवायची. तार तुटली असली की सूत अडकते. मग माझंच लुगडं काहून? सुनेची साडी न्यायची होती.

"तिची नायलॉनची आहे, माय. घसरून जाते."

आज ती चिंधी हातभर दोरात पाच ठिकाणी अडकली. फोरमन म्हणाला, ग्रीस लाव अन् चालू दे. ग्रीस फासलं की तुटकी तार दिसत नाही, एवढं मलेही समजते. मधुकरनं पिंजराच थांबवला. दुपारची पाळी वर बसून याले शिव्या देऊन राहिली होती. मी असती तर थांबवला असता का? काय माहीत.

लुगडं गेलं ते गेलं. जेवताना त्याच्या भातावर तूप जास्त वाढलं. आज बरं वाटून राहिलं.

उद्या फोरमन घरी येणार आहे. सुनेनं चहा द्यावा अन् गप्प राहावं. मीही तोंड आवरीन. पिंजरा काहून थांबवला, ते मधुकरनंच सांगावं.