तक्त्याला लावलेली चाल

सानगडी,
२३ ऑगस्ट २००४

प्रिय मधुकर,

जुन्या खोलीसोबत्याचा नमस्कार. गुडघे कुरकुरतात, बाकी बरा आहे. धानाची रोवणी आटोपली. बांधीतल्या पाण्यात आभाळ उतरलंय. काठावर उभा राहिलो की शाळेतली एखादी कविता आपसूक ओठांवर येते. अध्यापक विद्यालयात तू बोटांवर मात्रा मोजायचास आणि तरी वृत्त चुकायचास, आठवतं?

तुझ्या वहीचं कौतुक इथवर पोचलं. निवृत्तीनंतरही अड्याळच्या पोरांचं दर महिन्याला वजन घेतोस आणि शेजारी लिहितोस, डोळ्यांच्या तक्त्यावरच्या किती ओळी वाचल्या ते. वाळक्या पोरांपैकी बरीच खालच्या ओळींना अडतात, हे तुला दिसलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सभेत तुझं नाव घेतलं. मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन जेवलो नाही. ज्याला यमक जुळवता येत नव्हतं, त्याचं नाव!

जुलैत आमच्या गावाबाहेरच्या टोलीवरच्या शाळेत डोळ्यांची तपासणी झाली. शनिवारी मी तिथे कविता शिकवतो. तक्ता आदल्या शनिवारीच भिंतीवर लागला होता. मी त्या अक्षरांना चाल लावली. वरून खालपर्यंत, ओळीनं. सोमवारी तपासणीत पोरांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हटली. तपासणी पथकातल्या सिस्टर हसल्या, "गुरुजी, तुमच्या पोराईची नजर तं घारीची हाय!"

त्यात हर्षा होती. पार्वताबाईची नात, चौथीतली. वजन सतरा किलो. एकदा ऐकलं की तिला पाठ. ही माझी कमाई म्हणून मी गावभर मिरवत होतो. तुलाही मुद्दाम लिहिलं होतं.

परवा फळ्यावर नवी कविता लिहिली आणि तिला वाचायला उठवलं. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही एकडाव म्हना ना. मंग पाठ होऊन जाते."

"फळा दिसत नाही तुले?"

"नाई."

"मंग तपासणीच्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"तुम्हीच तं म्हनले होते, अड्याळवाल्याईले हरवाचं हाय."

मधुकर, पोरगी चार वर्षं कानांनी वाचत होती, आणि मी दाद देत होतो.

आज सकाळी आरोग्य केंद्रात जाऊन लिहून दिलं, की टोलीवरची तपासणी माझ्यामुळे खोटी झाली. ते म्हणाले, पथक आता दिवाळीनंतर येईल. तोवर मला धीर नाही. शनिवारी तू ये. काटा आण, वही आण, दुसरा तक्ता आण. हर्षाच्या ताटात काय पडतं, तेही तूच विचार. माझ्यापुढे पार्वताबाई लाजेनं 'पोटभर जेवते' म्हणून मोकळी होते. मी पोरांदेखत तुला वर्गात नेईन, आणि बाहेर जाऊन बसेन. त्या दिवशी हर्षा तुला गुरुजी म्हणेल. तेही सोसेन.

एकच सांगणं. तक्त्यावर अक्षरं कोणती आहेत, ते मला आधी कळू देऊ नकोस.

अजूनही तुझ्यावर जळणारा, तरी तुझीच वाट पाहणारा,
पुंडलिक