खिडकीचा वाकलेला गज

तिसगाव,
शनिवार, १५ मे १९९९

प्रिय अक्का,

सविनय जय भीम. दाजींनाही सांग. छोटीला माझा पापा.

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. कागदाला ज्वारीचं पीठ लागलं असेल, ते झटकून घे. आणणारीला आधी आत घे, पाणी दे. ती विचारल्याशिवाय जेवणार नाही, म्हणून तू विचार. बाकीचं सगळं वाचून झाल्यावर.

इकडं दादा आणि आई मजेत आहेत. दोघांना मी मिरजगावला मामाकडं धाडलंय. लग्न आहे म्हणून. लग्न कुणाचं ते विचारू नकोस.

मी कॉलेज सोडलं ते तुला दादांनी रागानं लिहिलं असेल. खरं एवढंच की सरांनी माझ्या चित्रावर लाल रेघ मारली आणि मी बोर्ड त्यांच्या टेबलावर आपटला. माझं डोकं तुला माहीत आहे. आता पाट्या रंगवतो. नगरला दिल्ली गेटजवळ नितीनशेठचा इंटरनेट कॅफे निघालाय, त्याची पाटी मीच रंगवली. तेव्हापासून तो मला रिकाम्या वेळी कॉम्प्युटरवर बसू देतो.

तिथं मला एक जागा सापडली. जगभरची माणसं आपापली चित्रं त्यात टाकतात आणि एकमेकांच्या चित्रांवर लिहितात. कोण ब्राझीलचा, कोण जपानचा. अक्का, तिथं आडनाव कुणी विचारत नाही. "कुणाचा रे तू?" असंही नाही. नुसतं चित्र बघतात. मी आपला आठवडी बाजार टाकला. नॉर्वेची हेल्गा म्हणून म्हातारी आहे, तिनं लिहिलं, बाजार झकास, पण ह्यात तू कुठं आहेस? तुझी जागा दाखव. त्या मंडळींची रीतच आहे तशी, बघणाऱ्याची जागा चित्रात आली पाहिजे. मी डिक्शनरी घेऊन बसलो तेव्हा समजलं. सरांनी दोन वर्षांत जे शिकवलं नाही, ते त्या बाईनं एका ओळीत शिकवलं.

मग मी परत काढलं, जिथून बघितलं होतं तिथून. खाली मिरच्यांचे ढीग, पालं, पार. आणि कडेला खिडकी. खिडकीचे गज. त्यातले मधले दोन वाकलेले.

अक्का, तू तिसगावची. तुला एवढ्यावर कळलं असेल.

लहानपणी काकासाहेबांच्या अमृतचं डोकं ज्या गजांत अडकलं होतं, लोहाराला बोलावून वाकवले होते, तेच. त्यांच्या माडीवरची खिडकी. तू नि मी गर्दीत उभं राहून हसलो होतो.

मी त्या माडीवर कसा गेलो? मार्चमध्ये त्यांचं घर मढीला यात्रेला गेलं होतं. त्यांची पंकजा पोट दुखतंय म्हणून मागं राहिली. मी मागच्या जिन्यानं गेलो. दुसरं काही नाही, शपथ. मी चित्र काढत होतो, ती शेंगा खात होती. म्हणाली, "ती मिरचीवाली लई जाड काढली तू, तिला कळलं तर पायतान हानील." एवढं हसू दाबून दाबून आमचा जीव गेला.

मला वाटलं, नॉर्वे कुठं, तिसगाव कुठं. इथलं कोण बघतंय.

नितीनशेठनं बघितलं. त्याला कौतुक. नगरच्या एका पेपरात देऊन टाकलं, "तिसगावचा बाजार साता समुद्रापार". पेपरात नुसतं काळं फासल्यासारखं छापून आलं, म्हणून वाचलो. पण गावानं सत्कार ठरवलाय. उद्या सकाळी दहाला, पारावर. आणि नितीनशेठ त्याच चित्राचा टेबलाएवढा रंगीत फोटो काचेच्या फ्रेममध्ये घालून आणतोय. पडदा बाजूला करणार काकासाहेब.

मी नगरला पळालो. इंटरनेटवरून चित्र काढून टाकलं, पण फ्रेमचं काय? शेठला म्हणालो, आणू नका. तो म्हणतो, "लाजतोस काय नवरीसारखा!" हात जोडायचे सोडून मी त्याची कॉलर धरली. आता तो माझं ऐकतच नाही. म्हणतो, फ्रेम आणणार म्हणजे आणणार.

परवा काकासाहेबांनी हॉटेलात हाक मारली. पेपर समोर होता.

"काय रे सम्राट, ह्या उभ्या रेघा कशाच्या?"

"पालाच्या काठ्या हायेत, काका."

"वाकड्या?"

"वाऱ्यानं वाकल्या."

त्यांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "बरं. रविवारी मोठं बघू." आणि माझा चहा त्यांच्याच नावावर मांडायला सांगितला. त्यांना कळलंय का, मला कळत नाही. त्या दिवसापासून मोटारसायकल वाजली की मी दार लावून घेतो. माझं काय, मला चार तडाखे बसतील, जास्तही बसतील. पण ती त्याच घरात राहते. तिचा भाऊ अमृत पलीकडच्याच खोलीत झोपतो.

पंकजाला मी जा म्हणालो नाही. गिरणीत भेटली तेव्हा तीच म्हणाली, "फ्रेम उघडायच्या आत मी घराबाहेर पडले पाहिजे." विसावं चालू आहे तिला. मार्कशीट, दाखला घेतलाय. हे पत्र आज पिठाच्या डब्यातून तिच्याकडं जाईल. उद्या घर पारावर आलं की ती मागच्या जिन्यानं उतरेल आणि नगरची एसटी धरेल. तिथून अकोले, राजूर. मला तुझ्याशिवाय दुसरं दार आठवलं नाही. दाजी मास्तर आहेत, त्यांना कायदा कळतो. ती सांगेल तसं करा. माझी वाट बघायला लावू नका तिला.

दोघं एकदम गेलो तर ते आधी आपल्या वस्तीत शिरतील. म्हणून मी जात नाही. मी पारावर उभा राहीन, शाल-नारळ घेईन, जमेल तितका वेळ भाषण करीन. सगळ्यांनी माझ्याकडं बघत राहिलं पाहिजे.

पडदा सरकेल तेव्हा माना चित्राकडं वळतील. मी वर बघणार. ती खिडकी मी लहानपणी बाहेरून हसत बघितली, मार्चमध्ये आतून, उद्या परत बाहेरून बघेन. ती रिकामी दिसली की पुरे.

तू हे वाचशील तेव्हा सत्कार होऊन गेला असेल. हेल्गाबाईनं विचारलं होतं, तू कुठं आहेस. तिला उत्तर द्यायचं राहिलं, तुला देतो.

पाराच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा,
तुझा
सम्राट