माती न्हाई तर किरण कशाचे?

४ मार्च, मंगळवार
आमच्या गल्लीत नवी पाडलेली बोअर बुजवणार म्हणे! काहून? तर खालच्या वाळूदगडात निम्मी चिकनमाती हाय, पानी टिकणार न्हाई. मशीनवाला साहेब मला माती सांगून राहिला! तीस वर्सं चुली घालून इकते मी. बोअरमधून निघालेला भुसा चोळला, दाताखाली धरला. नुसती करकर. गोळी बी वळंना.

५ मार्च
त्या भुशाचं टोपलं घेऊन साहेबापुढं आदळलं. त्यानं कागद दावला. यंत्र बोअरात सोडतेत, रेघ उमटते.
"मावशी, रेघ डावीकडं ती साफ वाळू, उजवीकडं ती माती. मधे आली तर कुठं आली, त्यावरून माती किती ते काढतो."
"यंत्र काय चाटून बघतंय का?"
हसला. "मातीतून एक्स-रेसारखे किरण निघतात, यंत्र ते मोजतं. जास्त किरण, जास्त माती."
मंग हितं माती न्हाई तर किरण कशाचे?
त्यानं वाळू धुतली. पानी गढूळ झालंच न्हाई. गुलाबी खडे राहिले. भिंगातून लई येळ बघत बसला. हसनं गेलं.

६ मार्च
साहेब म्हणे, "खड्यांतूनच निघत असतील किरण. असं असतं कुठंकुठं. घाबरू नका." अन् गाडीत बसताना, "पाणी तपासेपर्यंत पिऊ नका हं, खड्यांतलं काही पाण्यात उतरलं असलं तर."
दोन्ही एकाच तोंडानं. कोनचं खरं?
पंप लावून बघितला तवापासून आमी तेच पिऊन राहिलो. सून वर्षाला सातवा महिना. मीच हौसेनं हंडे आनले.

७ मार्च
सगळं पानी मोरीत ओतलं. वर्षा म्हणे, "आत्या, एवढं गोड पानी काहून सांडून राहिल्या?"
"किडे पडले."
खोटं बोलले. खरं बोलायला तोंड उघडंना. ती जेवली कमी की माझा जीव घाबरतो, हात पोटावर ठिवला की घाबरतो.
शेजारची शमीमबी म्हणे, "बोअर बुजवू नका म्हून तूच भांडली ना गं?"
व्हय, भांडले. माती असती तर बरं झालं असतं.

८ मार्च, शनिवार
पान्याची बाटली तपासायला नांदेडला साहेबाच्या हापिसात गेली म्हणे. साहेब फोन उचलंना. कागदावर लिवलं, फोटो काढून धाडला:
साहेब, मशीनचं मला सांगू नका. त्या पान्यानं पोटातल्या लेकराला धोका हाय का न्हाई, एवढंच लिवा. बुधवारी सुनंला दवाखान्यात न्यायचंय, डॉक्टरीणबाईला काय सांगू? मंगळवारी सांजपस्तोर जवाब पायजे. न्हाई आला तर मीच नांदेडला येऊन बसते.