पाटीवरची मनकर्णा

॥ श्री ॥
कोल्हार, दि. १२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. मनकर्णाअक्कास,
सीमाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मधेच रडतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहिते. रस्ता रुंद होतोय. हॉटेलची पुढची भिंत पाडली, तिच्याबरोबर पाटीही गेली. खोल्या आणि भटारखाना शाबूत आहे. दसऱ्याला नवी पाटी लावायची आणि तिच्यावर मी ‘हॉटेल सीमा’ लिहून घेणार आहे.

दादांनी पत्र्याच्या शेडमध्ये चहा सुरू केला तेव्हा तू शाळेत जायला लागलेली, मी पाळण्यात. तुझं नाव दिलं, ठीकच. पुढे जेवण सुरू झालं, मागे खोल्या बांधल्या, शिर्डीला जाणारे मुक्कामाला थांबू लागले. तोवर तू लग्न होऊन मिरजगावला गेलेली. दादांनी मला घरातच ठेवलं आणि यांना घरजावई केलं. खोल्यांतल्या चादरी मी धुतल्या, आचारी पळाला की भाकरी मी थापल्या, आणि गिऱ्हाईक मला हाक मारणार मनकर्णाबाई! दसऱ्याला तू येतेस, पाटीला हार घालतेस. पहिलं ताट तुला, साडीचोळी तुला. आयत्या पिठावर रेघोट्या! मला कुणी कधी साडीचोळी केली नाही, कारण मी माहेरातून कुठे गेलेच नाही. जळते मी तुझ्यावर, अक्का. आज लिहूनच टाकते.

दाजींना नमस्कार. राग आला तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
सीमा

मिरजगाव, दि. २० सप्टेंबर २०२५

चि. सौ. सीमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास गोड लागला नाही. मग म्हटलं, बरं झालं, आता मलाही लिहिता येईल. बाई गं, दुरून डोंगर साजरे. ज्या हॉटेलावर माझं नाव, तिथे मला दोन रात्रींच्या वर कधी राहता आलं नाही. सासूबाई म्हणायच्या, हाटेलवाल्याची पोरगी हाय, हिला घरात करमायचं न्हाई. शिर्डीला जाताना एसटी तुमच्या दारावरून जायची आणि मी शेजारच्या बायांना पाटी दाखवायचे. माझ्याजवळ मिरवायला तेवढंच होतं.

दादा अंथरुणाला खिळले तेव्हा ते तुझ्याच हातचं जेवत होते. मी भरवायला बसले तर त्यांनी तोंड फिरवून तुला बोलावलं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. तुला दादा मिळाले, मला पाटी. आता तीही माग.

घे, लिही तुझं नाव. मनापासून देत नाही, खोटं कशाला सांगू? यंदा दसऱ्याला मी येणार नाही, तुझं नाव बघवणार नाही. पण दिवाळीला तू इकडे ये. साडीचोळी मी करीन. आई नाही, तर थोरल्या बहिणीचं घर ते माहेरच. राम भावजींना चार दिवस गल्ल्यावर बसू दे.

मुलांना आशीर्वाद. भांडलीस तरी पत्र पाठवत जा.
तुझी,
अक्का

कोल्हार, दि. ५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पाटी लागली. भागवत पेंटरने अक्षरं झकास काढलीत. पण जुने ड्रायव्हर गाडी हळू करतात, वाचतात आणि पुढे जातात. एकाने उतरून मलाच विचारलं, हाटेल इकलं का काय, मनकर्णाबाई कुठं गेल्या? मी सांगितलं, सासरी गेल्या. तो हळहळत जेवला. हे म्हणतात, जुनं नाव परत लाव. मी नाही लावणार. गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे, नव्याने जोडीन. हार मीच घातला. पहिलं ताटही स्वतःच वाढून घेतलं, पण एकटीला जेवण जाईना.

तू दादांचं लिहिलंस ते चार वेळा वाचलं. तू माझ्यावर जळतेस हे कळून मला बरं वाटलं, हेही लिहूनच टाकते.

दिवाळीला येते. आजवर बॅग भरून कधी कुठे राहायला गेले नाही, त्यामुळे माहेरवाशिणीने कसं वागायचं ते मला ठाऊक नाही. दाजींना नमस्कार सांग. आणि तुझ्याकडे सकाळी उशिरापर्यंत झोपलेलं चालतं का, तेवढं कळव.
तुझी,
सीमा