माझ्या वाट्याचा माळ, मी नसल्यावर

मी खाली सही करणार निवृत्ती श्रीमंत माडजे, वय पंचवीस (दाखल्यावर एक जून आहे, ती तारीख गुरुजींची, खरा जन्म भूकंपानंतरच्या येळवसीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा), शिक्षण आठवी, नववीतून पळालेला, धंदा पाण्याचा टँकर चालवणे, मूळ राहणार मौजे बोरखडी, तालुका रेणापूर, जिल्हा लातूर. हल्ली मुक्काम जैसलमेरच्या वाळवंटात, माळढोक पक्ष्यासाठी तार ओढलेल्या कुरणावर. आज माझं डोकं ठिकाणावर आहे, पोटात फक्त चहा आहे आणि कोणी धाक घातलेला नाही. म्हणून हे मृत्युपत्र. याआधी लिहिलं नव्हतं, कारण याआधी टँकर उलटला नव्हता.

कलम १. कारण. मागच्या आठवड्यात टँकर वाळूत आडवा झाला. मी केबिनमध्ये उलटा लटकलो. तेव्हा मला देव आठवला नाही. आठवलं एवढंच, की आपण गेलो तर माळ बालाजीच्या घशात. बालाजी माझा थोरला भाऊ, लातुरात क्लासच्या पोरांची मेस चालवतो. एका क्लासवाल्याला आमच्या माळावर निवासी अकॅडमी बांधायची आहे, आणि तिथली मेस बालाजीला मिळणार आहे. मी बिनलग्नाचा. मी मेलो की माझं सगळं आईकडे, केवळाबाईकडे. आणि आई बालाजी सांगेल तिथं अंगठा उठवते. दोस्त अमानने मला काचेतून बाहेर ओढलं तेव्हा मी पहिलं बोललो ते, "कागद आण."

"आधी पाणी पी बे," अमान म्हणाला. "मरायचं नंतर बघू."

कलम २. माळ. बाप वारल्यावर वाटणी झाली. काळी जमीन बालाजीला, माळ मला. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे नांगर न चालणारी जमीन. बाप मलाही पोटखराबाच म्हणायचा, त्यामुळे वाटणी अगदी बरोबर झाली असं गावाचं मत पडलं.

पण भूकंपानंतर भिंतीखाली निजायचं धाडस कोणाला नव्हतं, तेव्हा आमचं घर याच माळावर पत्र्याखाली राहिलं. मी तिथंच जन्मलो. माझी पहिली कुंची खोकडाने पळवली. खोकड म्हणजे माळावरचा बारका कोल्हा. आई सांगते, दुसऱ्या दिवशी त्याच्या बिळाच्या तोंडाशी कुंचीचा गोंडा पडला होता.

त्या माळावर पवन्या गवत आहे, कुसळ आहे, तरवड, हेकळ आणि दोन हिवर आहेत. चंडोल आहेत. ढेकळाच्या रंगाचा धाविक पक्षी आहे, तो उडायच्या आधी पळून बघतो. माळढोक आमच्या आजोबाने पाहिलेला. तो बघायला मला इतक्या लांब यावं लागलं. इथं नुसत्या गवतासाठी पहारा असतो! सेवण नावाचं गवत, त्यात माळढोकाची मादी एकच अंडं घालते, आणि तेवढ्यासाठी मी टँकर लांबून फिरवून नेतो. इथला मेंढपाळ भंवराराम याला मी मोबाईलवर आमचा माळ दाखवला आणि म्हटलं, हे आमच्याकडं पडीक समजतात. तो म्हणाला, "मग मेंढ्या घेऊन येऊ का?" अजून विचारतो.

हा माळ मी पुनमवहिनीला देतो. बालाजीच्या बायकोला, होय, आणि शुद्धीत. बापाच्या वर्षश्राद्धाला बालाजीने माळावर खड्डे घेतले, गवत उपटून गुलमोहर लावले, खोकडाचं बीळ बुजवलं आणि वृक्षमित्र म्हणून स्वतःचा सत्कार करून घेतला. त्या मांडवात पुनमवहिनी सगळ्यांदेखत बोलली, "मामंजी जन्मात सावलीला टेकले न्हाईत. त्यांच्या नावानं गवत तर ठिवायचं!" उन्हाळ्यात गुलमोहर वाळले, गवत परत आलं, खोकडानेही नवं बीळ काढलं. बालाजी देवाला भीत नाही, वहिनीला भितो.

अटी: नांगर नाही, खड्डे नाहीत. विलायती बाभूळ दिसली की मुळासकट काढावी. गावातल्या पारूबाईची मेंढरं गवताचं बी पडल्यावर आत सोडावी, आधी नाही; ती भांडेल, भांडू द्यावं.

कलम ३. बाकीचं. बँकेत जे असेल ते आईला. दुर्बीण बालाजीला, म्हणजे माळावर काय आहे ते त्याला एकदा दिसेल. ज्या गुरुजींनी मला सारखं वर्गाबाहेर उभं केलं त्यांच्यावर माझा राग नाही. बाहेर उभं राहूनच मी पाखरं ओळखायला शिकलो. अमानला काही नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने घेऊ नये असं ऐकतो. "मग सही कशाला करू बे?" असं तो आत्ताच म्हणाला.

कलम ४. माझ्या नावाने कोणीही झाड लावू नये.

कलम ५. एवढं लिहून झालं आणि आईचा फोन आला.

"निवरत्या, काय करायलास?"

"मृत्युपत्र लिहायलोय. मी मेल्यावर माळ कुणाला, ते."

"आन् म्या काय मेले का?" मग म्हणाली, "येळवस झाली की. यंदा कोप माळावर घातली म्या."

हे वाचणारा लातूरकडचा नसेल तर सांगतो. वेळ अमावस्येला आम्ही शेतात कडब्याची कोप उभी करतो, पाच दगडांचे पांडव मांडतो, पुजतो आणि सगळे तिथंच जेवतो. पण पांडव मांडायचे पिकाच्या रानात. पोटखराब्यात कोणी मांडत नाही.

"बालाजी काही म्हनला न्हाई?"

"त्यो क्लासवाल्याला घिऊन आल्ता, जमीन दावायला. धाकट्याला सहीला तयार कर म्हनला मला. म्हनलं, आदी जेवा. त्यो मानूस मुरुडकडचा, शेतकऱ्याचंच लेकरू. पांडव दिसले तसे त्यानं बूट काढले. आजी, इथं पांडव कधीपसून? म्हनलं, माझा धाकटा जन्मला तवापसून."

"आई, खोटं!"

"बाळंतपन तिथं झालं का न्हाई? मंग! त्यानं भज्जी खाल्ली, आंबील पिला, आन् बालाजीला म्हनला, पांडवाच्या जाग्यावर पाया खांदू व्हय? उंद्या पोरं नापास झाली की मायबाप माझ्याच नावानं बोंबलतील. दुसरीकडं बघू."

"अन् बालाजी?"

"त्वांड पाडून बसलाय. पुनम हासली म्हून जास्तच."

मी म्हटलं, मला वाटलं तू अंगठा देशील.

"देते की अंगठा. पर कुठं देते ते बघून देते. आता पुढच्या येळवशीला ये. तवर मरायचं न्हाई."

दुरुस्ती. कलम १ मधलं आईच्या अंगठ्याबद्दलचं वाक्य खोडलं असं समजावं. माळ पहिला आईला, तिच्यामागे पुनमवहिनीला. वरच्या अटी कायम, आणि एक जास्तीची: कोप दर येळवसीला माळावरच घालावी, खोकडाच्या बिळापासून लांब. मी जिवंत असेन तर मलाही जेवायला बोलवावं. पुढच्या येळवसीपर्यंत हा कागद कोणाच्या कामाचा नाही, कारण तोवर मला मरायला परवानगी नाही.

लिहून देणार: निवृत्ती श्रीमंत माडजे (सही)

साक्षीदार १: अमान लालमहंमद शेख, राहणार लातूर (सही. दुर्बीण मला पाहिजे होती.)
साक्षीदार २: भंवराराम, मेंढपाळ (अंगठा. वाचून दाखवलं. मेंढ्यांचं परत विचारलं.)

ठिकाण: कुरणाची चौकी, जिल्हा जैसलमेर
तारीख: ८ जानेवारी २०१९