अठ्ठावीस खिळे

नांदगाव खंडेश्वर,
२८ एप्रिल २००५

प्रिय इनायतुल्लाभाई,

पंजाबरावाचा सलाम. बिस्मिल्लाभाभींनाही सांगा. इकडे सगळे बरे आहेत म्हणायचं. काल माझ्या ओसरीतल्या थर्मामीटरवर पारा त्रेचाळीसला होता. पेपरात बेचाळीस छापलं, त्यांचं चुकलं. संत्र्याची निम्मी झाडं शेंड्यापासून वाळत चाललीत. विहिरीत दीड हात पाणी उरलं. दिवसाआड पंधरा मिनिटं मोटर चालते, मग घरघर करून हवा ओढते.

आपली हरणी घोडी बरी आहे. सकाळी नाडी मिनिटाला अडतीस. खातेपिते. खूर मात्र बिनानालाचे फुटत चालले. इथला एक जण म्हणाला, "मी मारून देतो नाल, पंजाबराव, त्यात काय एवढं?" मी नाही म्हटलं. तिच्या पायाला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. का, ते पुढे लिहितो. पत्र लांबेल. उज्माकडून वाचून घेतलं तरी चालेल. नाही, तिच्याकडूनच वाचून घ्या. त्या दिवशी मैदानात तीही होती.

तुम्हाला आठवतं का, दोन वर्षांपूर्वी बाळापूरला तुमच्या दुकानासमोर बसून मी तुम्हाला घोड्याच्या दमाचं शास्त्र सांगितलं होतं? अकोल्याच्या गुरांच्या डॉक्टरांकडून इंग्रजी पुस्तक आणलं होतं. मी सातवी पास. शब्दकोश मांडीवर घेऊन चार महिन्यांत संपवलं. म्हटलं, घोडा भरधाव पळतो तेव्हा त्याचे स्नायू एरवीपेक्षा कितीतरी पट प्राणवायू ओढतात, अन् त्यातला थोडा बिघडून त्या स्नायूंनाच आतून खातो. तुम्ही पेटीतून एक गंजका नाल काढून विचारलंत, "असं?"

"अगदी असंच."

"मंग आतल्या गंजाले तेल कोनतं, मास्तर?"

हिरवा चारा, मी म्हटलं. लसूणघास. त्यातलं जीवनसत्त्व हा गंज चढू देत नाही. तुम्ही हसलात. "हे तं माहा बाप बी सांगे. त्याले इंग्रजी नोतं येत."

मलाही हसायला हवं होतं. मी चहा अर्धा टाकून उठलो.

आता जानेवारीतली दौड. लोकांत मी काय बोललो ते तुम्ही ऐकलंच. वहीत काय लिहिलं ते कोणालाच ठाऊक नाही.

डिसेंबरात मी लसूणघासाचं पाणी तोडलं अन् संत्र्याला दिलं. पाच आठवडे हरणीला हिरवी काडी नाही, नुसता कडबा. दौडीआधी दोन दिवस तिला ठाणावर बांधून ठेवली, ताकद यावी म्हणून. त्या दोन्ही दिवशी दाण्याची चंदी पुरी, चार किलो, वर भिजवलेला हरभरा. दौडीच्या सकाळी नाल तपासताना तुम्ही चंदीच्या तोबऱ्यात हात घालून पाहिलंत अन् म्हणालात, "बसल्या जनावराले एवढी चंदी नका देऊ, भाऊ. अर्धी करत जा." भोवती माणसं होती. मी म्हटलं, "तुमी नाल पाहा, भाई. पोट मी पाहतो." माणसं हसली. तुम्हीही थोडं हसलात.

हरणी दुसरी आली. परत फिरवताना पन्नास पावलांवर थबकली. घाम थांबेना. मागचे पुठ्ठे हाताला लाकडासारखे लागले. दहा मिनिटांनी नाडी साठावर यायला हवी होती, ती ब्याण्णव होती. मग ती मुतली. रंग काळ्या कॉफीचा.

भाई, पुस्तकातलं ते पान मी तीनदा वाचलेलं होतं. मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं, बसवून चारलेल्या चंदीनं तिचे स्नायू आतून मोडले.

तेवढ्यात दौडीच्या कमिटीचे महादेवराव आले. "काय झालं घोडीले, पंजाबराव? तुमचं पुस्तक काय म्हनते?"

मी वाकलो अन् तिचा पुढचा उजवा पाय उचलला. घोडी आखडली होती मागून, मी उचलला पुढचा. म्हटलं, "खिळा जित्या मासात गेला. नालबंदाचं काम."

तुम्ही वाद घातला नाही. तुमच्यात रीत आहे, बोल लागला की नालबंदानं आपले नाल आपल्याच हातानं उतरवायचे. तुम्ही खाली बसलात. चारही पाय. एकेक खिळा सरळ ओढलात, एकही वाकू दिला नाही. इतक्या दुखण्यातही ती तुमच्या हाती पाय देत होती. सगळे खिळे फडक्यात बांधून माझ्यापुढे धरलेत. "पाहून घ्या, पंजाबराव. एकाले बी रक्त निघालं तं पेटी नदीत टाकतो."

मी फडकं न सोडता खिशात घातलं. तुम्ही वाट पाहत उभे राहिलात. मग उज्मानं पेटी उचलली. "चला, अब्बा."

घरी येऊन मोजले. अठ्ठावीस. भिंगाखाली धरून पाहिले. सगळे कोरडे.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले ते मला आधीच ठाऊक होतं. जीव वाचला, पण ती आता धावायची नाही. हेही मी कोणाला सांगितलं नाही. ऐकतो की टांगेवाले आता नाल मारायला अकोल्याला जातात, अन् तुम्ही बसस्टँडवर पंक्चर काढता. पंचवीस वर्षांत माझं एकही जनावर तुमच्या हातून लंगडलं नाही.

काल महादेवरावांचा कागद आला. यापुढे इनायतुल्ला नालबंदास मैदानात पेटी मांडू देऊ नये, अन् खाली माझ्या सहीला जागा. मी पेन घेऊन बसलो होतो. आमची घरधनीण गोदाबाई गहू निवडत होती. म्हणाली, "सही कराले एवढा वेळ काहून लागून राहिला?" मग तिला सगळं सांगितलं. तिनं गव्हातला एक खडा वेचून बाहेर टाकला. म्हणाली, "वाचाले शिकले अन् सांगाले नाई शिकले."

त्याच कागदाच्या पाठीमागे मी सगळं लिहिलं. चंदी किती दिली, हिरवा चारा किती दिवस नव्हता, नाडी, लघवीचा रंग, खिळे. तुम्ही सकाळी काय बजावलं होतं तेही, तुमच्याच शब्दांत. खाली सही केली. तो कागद महादेवरावांना आजच्या टपालानं जातो. त्यांनी फाडला तर असावी म्हणून सहीनिशी नक्कल या पाकिटात आहे. ज्याला दाखवायची त्याला दाखवा.

खिळे पाठवत नाही. येत्या बाजाराला हरणीला टेम्पोत घालून बाळापूरला आणतो, खिळे हातानं देतो. तुमच्या बंद दुकानासमोर उन्हात उभा राहीन. कोणी विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तरी सांगेन. तुम्ही पेटी उघडलीत तर तिचे खूर तयार आहेत. नाही उघडलीत तर तिला तशीच बिनानालाची परत नेईन, अन् तुम्हाला बोल लावणार नाही.

एकही खिळा ओला नव्हता, भाई. मी त्याच दिवशी पाहिलं होतं.

तुमचा,
पंजाबराव