देवासाठी राखलेलं बियाणं

बाबा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता पाच वर्षांनी मोठी आहे. मागच्या रविवारी इथे अमरावतीला एका तरुण पाळकांनी इस्राएलाच्या पहिल्या राजावर उपदेश केला. शत्रूचं सगळं नष्ट कर असं देवानं त्याला सांगितलं होतं. त्यानं ते ऐकलं नाही. चांगली चांगली मेंढरं मागे ठेवली आणि वर म्हणाला, ही देवाला अर्पण करण्यासाठीच राखली आहेत. राजाचं कुठे कुठे चुकलं ते पाळक बोटांवर मोजून सांगत होते. बायका माना डोलवत होत्या. मी सरळ बसून ऐकलं. तो उपदेश मी तुमच्या तोंडून आधीच ऐकला होता, आणि पुढे काय होतं तेही पाहिलं होतं.

तेल्हाऱ्याच्या पुढे आपलं गाव होतं. सोळा ख्रिस्ती घरं, गवतानं शाकारलेलं प्रार्थनेचं घर, त्याला लागून मागची खोली, आणि पलीकडे मिशननं दिलेलं आपलं घर आणि वावर. तुम्ही त्या मंडळीचे पाळक. तुमच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे, घरात तर नाहीच. त्या साली मृगात पेरण्या झाल्या आणि मग पावसानं जी दडी मारली, ती आषाढ संपत आला तरी सोडली नाही. उगवलेलं सगळं करपलं. दुबार पेरायला कोणाच्या घरी जास्तीचा दाणा नव्हता. तेव्हा मिशननं अकोल्याहून बैलगाड्यांतून ज्वारीचं बियाणं पाठवलं आणि सोबत चिठ्ठी. ती चिठ्ठी तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवली होती, म्हणून मला माहीत आहे. ज्याला वावर आहे त्याला द्यायचं, जात आणि धर्म विचारायचा नाही, घरात एक दाणा ठेवायचा नाही.

तुम्ही वाटलंत. तीन दिवस उन्हात उभे राहून वाटलंत, हे मी विसरले नाही. पण आठ पोती मागच्या खोलीत गेली. सगळ्यांत टपोरा दाणा होता त्यांत. आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "हे काहून ठेवलं?" तुम्ही म्हणालात, "देवाच्या घरावर कवलं घालाची हायेत. दरसाल गळते. हे इकलं का कवलं येतीन." आईनं भाकरी तव्यावर टाकली. मी मध्येच म्हणाले, "पण चिठ्ठीत त—" आणि तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुले कोनं इचारलं? इचारल्याबिगर बोलाचं नाही." मी चौदा वर्षांची होते.

पाऊस आला तसे राहिलेले लोक आले. त्यांत नाल्यापलीकडच्या मळ्यातली माळीण होती. नवरा नसलेली, दोन एकरांची धनीण, बाजारात वांगी-मेथी विकणारी. ती फाटकाशी उभी राहिली. "पाळकबाबा, मले चार पायल्या द्या, वावर वापशावर आलं हाये, आता पेराले पाह्यजे." तुम्ही म्हणालात, "संपलं, बाई." तिनं वाद घातला नाही. पदर सावरला आणि चिखल तुडवत परत गेली. मी ओट्यावर अंबाडी निवडत होते. मागच्या खोलीचं दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं.

आठवड्यानं अकोल्याहून मोठे पाळकसाहेब आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्यांनी तुम्हांला विचारलं, "सगळं वाटून झालं?" तुम्ही म्हणालात, "हो, साहेब." मग पाणी पिऊन त्यांनी तांब्या माझ्याकडे दिला आणि सहज, मुलांशी बोलतात तसं हसून म्हणाले, "काय गं, बाबांनी घरात काही लपवून तर नाही ना ठेवलं?" ते गमतीनं विचारत होते. मला ते कळत होतं. मी म्हणाले, "मागच्या खोलीत आठ पोती आहेत."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. साहेब उठतात. तुम्ही कडी काढता. खोलीत आंबूस वास येतो. छप्पर वरून गळलेलं आहे आणि पोत्यांच्या शिवणींतून पांढरे कोंब बाहेर आलेले आहेत, बोटभर लांब. दोन पोती तेवढी कोरडी. तुम्ही म्हणता, "देवासाठी राखलं होतं, साहेब. घराच्या कवलांसाठी." साहेब त्या कोंबांकडे बघत उभे आहेत. मग हळूच विचारतात, "देवानं मागितलं होतं का?" महिन्याभरापूर्वीच तुम्ही त्या राजावर उपदेश केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला चुलीजवळ बोलावलं. मला वाटलं, मारते आता. तिनं ताटलीत भाकरी वाढली आणि म्हणाली, "तू खोटं बोलली असती त मी तुले वाढलंच असतं. पन तुया तोंडाकडं पाह्यलं नसतं."

रविवारी तुम्ही मंडळीपुढे उभे राहिलात. मला वाटलं होतं तुम्ही गळक्या छपराचं सांगाल, नियत चांगली होती म्हणाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "मले देऊन टाक म्हनून सांगतलं होतं. म्या ठेवलं. लोकं माघारी गेले." आणि खाली बसलात, पुढे नाही, पुरुषांच्या शेवटच्या रांगेत. मी आयुष्यात पुष्कळ उपदेश ऐकले. त्यांतला एकही इतका लहान नव्हता.

प्रार्थना सुटली तेव्हा ती माळीण दाराशी उभी होती. आत कधी आलेली नव्हती, तेव्हाही आली नाही. डोक्यावर टोपलं. घरात पुढच्या सालासाठी आढ्याला बांधून ठेवलेली कणसं तिनं झोडली होती, आपलं वावर पेरलं होतं आणि उरलेलं घेऊन आली होती. "तुमचं वावर पडीक हाये म्हनते," ती तुम्हांला म्हणाली. "हे घ्या. दोन पायल्या असन."

तुम्ही म्हणालात, "म्या तुले नाही म्हटलं होतं, बाई. घरात असून नाही म्हटलं."

"मालूम हाये मले. साऱ्या गावाले मालूम हाये." तिनं टोपलं खाली ठेवलं. "वापसा जाऊन राहिला. बोलत बसता का पेरता?"

तुम्ही दोन्ही हातांनी टोपलं उचललंत.

पुढे पाळकी गेली, तिच्याबरोबर मिशनचं घर आणि वावरही गेलं. आपण नाल्यापलीकडे तिच्या मळ्यात राहायला गेलो आणि तुम्ही अर्धेलीनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, तिचा मळा करू लागलात. मला मिशननं अमरावतीच्या वसतिगृहात घातलं. सुट्टीत यायची तेव्हा पाहायची, गुडघाभर चिखलात तुम्ही पाटाच्या पाण्याची दारं धरताय, बाजारादिवशी पहिली पाटी भरून वाटेवरच्या घरांत देत जाताय, न विचारता, नाव न घेता. मी एकदा म्हणाले, "बाबा, असं देत राहिलं तर आपल्याला काय राहील?" तुम्ही म्हणालात, "इकाले हाये ना बाकीचं." तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की मी का सांगितलं. विचारलं असतंत तर मी 'खरं बोलावं म्हणून' असं म्हटलं असतं, आणि ते अर्धंच खरं झालं असतं. तुम्ही मला गप्प केलं होतं, त्याचा राग उरलेल्या अर्ध्यात होता.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुमच्या मातीला मी आले नाही. शाळेत परीक्षा आहेत असं आईला कळवलं होतं. परीक्षा आठवड्यापूर्वीच संपल्या होत्या. त्या दिवशी मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून उशांचे अभ्रे शिवत होते. पुढे आईनं सांगितलं की माळ्यांची सगळी वस्ती आली, सोळाही घरं आली, खांदा द्यायला माणसं आपसांत भांडली. मला वाटलं होतं, कोणीच येणार नाही, आणि ते रिकामं अंगण मला बघावं लागेल.